दोनशे रुपयांचा हमरस्ता

स्वस्त व्हिडिओ गेमबद्दल कुणी तक्रार केली की उत्तर ठरलेलं असतं: इतक्या पैशांत अजून काय हवं? मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. दोनशे रुपयांची छत्री पहिल्या पावसात उलटी झाली, तर दोनशेत हेच मिळणार म्हणून आपण गप्प बसत नाही. दांडा प्लास्टिकचा असेल, कापड विटेल, पण पाऊस अडवण्याचं काम तिने केलंच पाहिजे. गेमच्या बाबतीत आपण लगेच उदार होतो, कारण त्याचं काम नेमकं काय हे घेण्याआधी आपण ठरवलेलंच नसतं.

महामार्गावर गाडी पळवण्याचे स्वस्त गेम या चर्चेसाठी सोयीचे आहेत. त्यांचं काम सांगायला फार शब्द लागत नाहीत. रस्ता एकच, सरळ किंवा हलकी वळणं घेणारा. त्यावर दोन ते चार लेन. पुढची वाहनं तुमच्यापेक्षा हळू. त्यांच्यामधून वाट काढत जमेल तितक्या वेगाने जमेल तितकं दूर जायचं, धडकलात की संपलं. शंभर ते पाचशे रुपयांत असे गेम संगणकाच्या आणि मोबाइलच्या ऑनलाइन दुकानांत ढिगाने पडलेले आहेत. जाहिरातीतली चित्रंही साधारण एकाच घरातली वाटतात: नारिंगी आभाळ, ओलं चकचकणारं डांबर, लाल गाडीचा मागचा भाग. माझा भाचा रायपुरातल्या तेलीबांध्याला राहतो. अधूनमधून तो असं एखादं चित्र पाठवतो आणि रायपूरच्या मराठी घरांतली मुलं बोलतात तशा हिंदीत विचारतो, ‘मामा, ये वाला ले लूं क्या?’ खाली पुस्ती असते, सवलत उद्या संपते.

सवलतीचं आधी मिटवून टाकतो. आठशेचा गेम दीडशेत मिळतोय यात साडेसहाशे वाचत नाहीत, दीडशे जातात. बाराही महिने सवलतीत असणाऱ्या गेमची मूळ किंमत हा जाहिरातीचा भाग असतो. गेम दीडशेचाच आहे असं धरून पुढे जावं.

मग तरुण मंडळींचं आवडतं गणित येतं: रुपयाला किती तास? सिनेमाचं तिकीट अडीचशे आणि अडीच तास, हा गेम दोनशे आणि चाळीस तास, म्हणजे घ्यायलाच हवा. हा हिशेब किती फसवा आहे ते दाखवायला एक गेम जणू मुद्दाम जन्माला आला होता. पेन आणि टेलर या अमेरिकी जादूगार जोडीसाठी १९९५च्या सुमारास एक गेमसंच तयार झाला, पण तो तेव्हा बाजारात आलाच नाही. त्यात ‘डेझर्ट बस’ नावाचा एक भाग होता. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनहून नेवाडातल्या लास वेगासला रिकामी बस न्यायची. कमाल वेग ताशी ४५ मैल. प्रवास खऱ्या वेळेत, म्हणजे आठ तासांचा. रस्त्यावर दुसरं वाहन नाही, वळण नाही, आणि बस सतत जराशी उजवीकडे ओढते म्हणून हात काढून झोपताही येत नाही. पोहोचलात की एक गुण, मग परतीचा प्रवास. हिंसक गेमांवर तेव्हा चाललेल्या ओरड्याची ती थट्टा होती. पुढे २००७पासून काही लोक तोच गेम दिवसचे दिवस खेळून धर्मादाय कामासाठी देणग्या गोळा करू लागले, ते वेगळं. पण रुपयाला किती तास हा निकष मानला, तर जगातला सर्वोत्तम महामार्ग-गेम हाच ठरेल.

यादीचा निकषही तितकाच पोकळ. चाळीस गाड्या, आठ रस्ते, पाऊस, रात्र, पोलीस. स्वस्त गेमच्या पानावर ही यादी लांबच लांब असते, कारण यादी लिहायला खर्च येत नाही. २००३ साली अमेरिकेत ‘बिग रिग्ज: ओव्हर द रोड रेसिंग’ नावाचा स्वस्तातला गेम आला. खोक्यावर बेकायदा माल घेऊन पळणारे अठराचाकी ट्रक आणि मागे लागलेले पोलीस यांचं आश्वासन होतं. आत पोलीस नव्हते. प्रतिस्पर्धी ट्रक शर्यत सुरू झाली तरी जागचा हलत नव्हता. तुमचा ट्रक इमारतींमधून आरपार जायचा, उभ्या डोंगरावर चढायचा, पुलावरून जायचं तर पुलातूनच खाली उतरायचा. रिव्हर्स गिअरमध्ये वेगाला मर्यादाच नव्हती. कसेही जिंकलात की पडद्यावर चषक यायचा आणि खाली मोडक्या इंग्रजीत ‘यू आर विनर!’. नंतर दुरुस्ती निघाली. त्यात प्रतिस्पर्धी हलायला लागला, पण शेवटच्या रेषेच्या अलीकडेच थांबायचा. वेगवेगळ्या परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर या गेमला शंभरात आठ गुण आहेत. आज लोक तो हसण्यासाठी शोधून खेळतात. त्यांना हसू द्यावं. २००३ साली पॉकेटमनी साठवून ते खोकं घरी नेलेल्या पोराला मात्र हसू आलं नसणार.

हा गेम वाईट का, याचं लोक देतात ते उत्तर म्हणजे तो अर्धवट होता. मला ते पुरेसं वाटत नाही. अर्धवट गेम पुष्कळ असतात आणि त्यातले काही छान असतात. इथे रोग वेगळा होता: त्या जगात कशाचाच काही परिणाम होत नव्हता. भिंत अडवत नाही, चढ थकवत नाही, समोरचा हरवत नाही. धडकच नसेल, तर धडक चुकवण्यात काय राहिलं?

आता दुसरं टोक. कोनामी या जपानी कंपनीने १९८४ साली ‘रोड फायटर’ काढला. आपल्याकडे तो नव्वदच्या दशकात पोहोचला, टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर, त्या शेकडो गेम एकात असल्याचा दावा करणाऱ्या पिवळ्या-काळ्या कॅसेटींमधून. ज्यांनी बदकं मारली, मारिओ खेळला, त्यांनी हाही खेळलेला असतो, नाव आठवत नसलं तरी. वरून दिसणारा रस्ता, खालून वर पळणारी लाल गाडी, काटा चढत चढत ताशी ४००पर्यंत. बाजूला इंधन. ते संपायच्या आत टप्पा गाठायचा. धडकलात तर जीव जात नाही, इंधन जातं आणि वेळ जातो. पुढच्या वाहनांचे रंग ठरलेले. थोडं खेळलं की रंग पाहूनच कळायला लागतं, ही सरळ जाणार, ही ऐन वेळी आडवी घुसणार. निसटती धडक बसली की गाडी घसरते, आणि घसरताना उलट दिशेला दाबलं तर सावरते.

एवढंच. गाड्या निवडता येत नाहीत, रंग बदलता येत नाही, गॅरेज नाही, गोष्ट नाही. जे आहे ते मात्र पक्कं आहे. करणाऱ्यांच्या हातात काही किलोबाइटांची जागा होती, तेव्हा काय टाकायचं यापेक्षा काय वगळायचं याचा विचार त्यांना करावाच लागला. स्वस्त गेम तोलताना मी आधी हेच बघतो. बनवणाऱ्याने काय सोडून दिलं? ज्याला काहीच सोडवलं नाही, त्याच्याकडे सगळं पाव-पाव असतं.

जे ठेवायचं ते कोणतं, याचं माझं उत्तर मला गेममध्ये सापडलं नाही. ते तेलीबांधा चौकात उभं राहिल्यावर सापडलं.

गुजरातच्या हजिऱ्याहून ओडिशाच्या पारादीपला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३, ज्याला जुनी माणसं अजून सहा नंबरच म्हणतात, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा करत राजनांदगाव-दुर्गवरून रायपुरात येतो. शहरातून जाणाऱ्या या जुन्या हमरस्त्याला इथे जीई रोड म्हणतात, ग्रेट ईस्टर्नचं लघुरूप. तो पूर्वेकडे शहराबाहेर पडतो तिथे तेलीबांधा. तिथेच रिंग रोड येऊन मिळतो, विमानतळाकडे जाणारा व्हीआयपी रोड जवळून फुटतो, आणि धमतरीची छोटी गाडी एकेकाळी ज्या रुळांवरून जायची त्या पट्ट्यावर आता एक्स्प्रेस-वे आहे. बाजूला तेलीबांधा तलाव. त्याच्या काठाला हौसेने मरीन ड्राइव्ह म्हणतात आणि संध्याकाळी अर्धं रायपूर तिथे हवा खायला येतं. म्हणजे आंतरराज्य ट्रक, लग्नाला निघालेली बोलेरो, ई-रिक्षा, आइस्क्रीम हातात घेऊन रस्ता ओलांडणारं कुटुंब आणि पलीकडून उलटा येणारा स्कूटरवाला, सगळे एकाच चौकात एकाच वेळी.

या चौकात गाडी चालवणारा माणूस पुढच्या वाहनाकडे बघून काहीही अंदाज बांधत नाही. उजवा इंडिकेटर लागला असेल, तर तो उजवीकडे वळेल, किंवा तुम्हाला उजवीकडून पुढे जा म्हणत असेल, किंवा सकाळपासून तसाच राहिला असेल. ट्रकच्या मागे लोंबणाऱ्या सळईला लाल फडकं बांधलं असेल तर नशीब. लेनच्या पांढऱ्या रेषा आहेत, नाही असं नाही, पण त्या वाहनाच्या मधोमध असतात.

आता हाच माणूस घरी येऊन महामार्गावरचा गेम उघडतो. त्याला तिथे काय हवं असतं? वेग, असं पटकन म्हणावंसं वाटतं. पण ताशी ३००चं स्वप्न ज्याच्याकडे रिकामा रस्ता आहे त्याला पडावं. तेलीबांध्याच्या माणसाला गेममध्ये जी चैन मिळते ती अशी की पुढचा ट्रक आपली लेन सोडत नाही. सोडणार असेल तर आधी सांगतो. त्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवून दोन ट्रकांच्या मधल्या फटीत गाडी घालता येते, आणि घातली तर ती निघते. नियम पाळणारं जग, दोनशे रुपयांत, हवं तेव्हा. महामार्गाचा गेम हीच वस्तू विकतो. गाड्यांची संख्या, पाऊस, रात्र ही तिच्यावरची वेष्टनं.

हे मान्य केलं की परीक्षण एकदम सोपं होतं. गेमने स्वतःचे नियम पाळले का, एवढंच विचारायचं. एखादी गाडी इंडिकेटर न देता आडवी आली, आणि असं प्रत्येक खेळीत दोनदा-तीनदा झालं, तर तो गेम अवघड नाही, बेइमान आहे. आरशात मोकळी दिसणारी लेन भरलेली निघाली, वळणापलीकडे अचानक हवेतून ट्रक उगवला, बाजूला बोटभर जागा असताना धडक लागली, तर पैसे पाण्यात गेले, मग ते पन्नास का असेनात. चुकलो तो मी, असं हरताना प्रत्येक वेळी वाटलं पाहिजे. हे वाटणं महाग गेममध्येही पुष्कळदा नसतं आणि चांगल्या स्वस्त गेममध्ये असतं, कारण त्यासाठी पैसा कमी लागतो आणि बसून जुळवणं जास्त.

इथे एक गोष्ट साध्या आकडेमोडीने कळते. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर आणि थोडं वर. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं येत असतील तर दोन चित्रांमध्ये गाडी अर्ध्या मीटरहून जरा जास्त सरकते, ३० येत असतील तर मीटरभराहून जास्त. बोट दाबल्यापासून चाक वळेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग गेला, तर तेवढ्यात गाडी सव्वातीन मीटरहून जरा जास्त पुढे गेलेली असते. आपल्याकडच्या छोट्या मोटारी कराच्या सवलतीसाठी चार मीटरच्या आत ठेवलेल्या असतात. म्हणजे एवढ्याशा उशिराने जवळजवळ एका गाडीच्या लांबीचा अंदाज चुकतो. फटीतून गाडी काढण्यावर उभा असलेला खेळ असा उशीर सोसू शकत नाही. डोंगर, झाडं, ढग कमी काढले असते आणि चित्रं साठावर स्थिर ठेवली असती, तर तोच गेम दुप्पट चांगला झाला असता, असं कितीतरी गेमांबद्दल वाटतं.

वेगाचं म्हणाल तर काट्यावर अंगठा ठेवून बघावं. आकडा झाकल्यावरही आपण जोरात चाललोय असं वाटतं का? डोळ्यांना वेग कळतो तो बाजूने मागे पळणाऱ्या खांबांवरून, झाडांवरून, रस्त्यावरच्या तुटक रेषांवरून. कॅमेरा जमिनीजवळ आणला, वेग वाढताना दृश्याचा कोन थोडा रुंद केला, इंजिनाचा आवाज चढवला, तर ताशी १०० पुरतात. हे न करता नुसता काटा ३८०वर नेणारे गेम म्हणजे पगार न वाढवता हुद्दा वाढवणारं ऑफिस.

आणखी एक तपासणी फार कमी लोक करतात: खूप दूर जाऊन बघणं. न संपणारा रस्ता खरं तर न संपणारा नसतो. रस्त्याचे ठरावीक तुकडे तुमच्या मागून उचलून पुढे लावले जातात. संगणक प्रत्येक वस्तूची जागा एका मूळ बिंदूपासून मोजतो, आणि नेहमीच्या पद्धतीत त्या मोजणीचा बारकावा अंतराबरोबर कमी होत जातो. दहाएक किलोमीटरवर चूक मिलिमीटरभर असते, अजून पुढे गेलं की वाढते, आणि गाडीची चाकं, सावल्या थरथरू लागतात. जाणता कारागीर अधूनमधून सगळं जग उचलून परत मूळ बिंदूपाशी आणतो, खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. अजाण कारागिराला हे ठाऊकच नसतं, कारण त्याने स्वतःचा गेम दहा किलोमीटर खेळलेला नसतो. थरथरणारी सावली दिसली की मला गेमपेक्षा बनवणाऱ्याबद्दल जास्त कळतं.

स्वस्त गेम घेणाऱ्याच्या मनात एक संशयही असतो: हे सगळे गेम एकाच साच्यातले आहेत. संशय खरा आहे. युनिटी या गेम बनवण्याच्या प्रणालीने २०१० साली तयार मालाचं दुकान उघडलं. तिथे झाडं, इमारती, मोटारी मिळतात. मोटार चालवण्याचं पूर्ण तंत्र मिळतं. बोनक्रॅकर गेम्सचा ‘रिअलिस्टिक कार कंट्रोलर’ त्यातला नावाजलेला. महामार्गाच्या गेमचा अख्खा सांगाडाही मिळतो, मेनू, गॅरेज, वाहतूक सगळ्यासकट. नाव आणि चित्र बदललं की आठवड्यात नवा गेम तयार. म्हणून सांगाडा वापरणारा प्रत्येकजण लबाड, असं मात्र मी म्हणणार नाही. बाजारात तयार माल मिळतो तो वापरण्यासाठीच, आणि एकट्या माणसाने चाकाची भौतिकी मुळापासून लिहावी ही अपेक्षा चुकीची आहे. विकत आणलेल्या सांगाड्यावर पुढे किती काम केलं, हा प्रश्न. गाड्यांचं वजन वेगळं जाणवतं का? ट्रकचं वागणं कारपेक्षा निराळं आहे का? निदान मेनूतली इंग्रजी वाक्यं कुणी एकदा वाचली आहेत का?

दया दाखवावी, बिचारा एकटा माणूस बनवतो, असं म्हणणाऱ्यांसाठी इथलंच एक उदाहरण सांगतो. माधवराव सप्रे मराठी घरातले, कर्मभूमी छत्तीसगढ, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे. १९०० साली पेंड्रासारख्या आडगावाहून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढलं. तीन वर्षांत ते पैशाअभावी बंद पडलं. तेवढ्या अवधीत त्यांनी त्यात पुस्तकांच्या परीक्षणांना जागा दिली, आणि हिंदी समीक्षेच्या आरंभीच्या लोकांत त्यांचं नाव घेतलं जातं ते त्यामुळे. नव्या, अशक्त वाङ्मयाला आधी वाढू द्या, परीक्षण मग, असं म्हणायची सोय त्यांना होती. त्यांनी ती घेतली नाही. स्वस्त मालाचं परीक्षण जास्त काटेकोर हवं असं मला वाटतं ते याच वळणाने. चार हजारांचा गेम घेणाऱ्याला चूक परवडते. पॉकेटमनीतून दोनशे काढणाऱ्याचा तो महिन्याचा एकच डाव असतो.

आता तेलीबांध्याला राहणारा विचारेल, त्या गेममध्ये आमचा रस्ता का नाही? रस्ता नेहमी कुठल्यातरी अमेरिकी वाळवंटातला का? पहिलं उत्तर रोकडं आहे: वाळवंट स्वस्त पडतं. दोन टेकड्या आणि चार निवडुंग काढले की झालं. जीई रोडचा एक किलोमीटर नीट काढायचा तर दुकानांच्या पाट्या, केबलची जाळी, डिव्हायडरवरची झाडं, उड्डाणपूल आणि त्याखालचं पार्किंग हे सगळं काढावं लागेल. खऱ्या रस्त्याचं काम किती असतं ते याच महामार्गाने दाखवलंय: जून २०२२मध्ये अमरावती ते अकोला टप्प्यात एका लेनवर सलग ७५ किलोमीटर डांबरी काँक्रीट टाकायला १०५ तास ३३ मिनिटं लागली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. गेममध्ये तेच ७५ किलोमीटर एक तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवून क्षणात होतात, आणि म्हणूनच ते अमरावतीसारखे दिसत नाहीत.

मोठे गेमही खरी अंतरं ठेवत नाहीत. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’मध्ये युरोप साधारण एकास एकोणीस प्रमाणात आहे. त्या मापाने नागपूर ते रायपूर पंधराएक किलोमीटरचं होईल. भंडारा येतं न येतं तोच साकोली, आणि देवरीचा घाट वळणभराचा. तरीही त्या गेममध्ये लांबचा प्रवास केल्यासारखं वाटतं, कारण काय टाकायचं आणि काय वगळायचं हे तिथे विचाराने ठरवलंय. दुसरीकडे ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ बघा. फुकट मिळणारा, परक्या देशाचा गेम. त्यात केरळच्या पोरांनी आपल्या टुरिस्ट बसांचे रंग आणि हॉर्न आणून बसवले. म्हणजे ओळखीच्या रस्त्याची भूक आहेच. पण मी पैसे देईन ते आधी चांगल्या स्टिअरिंगला. तेलीबांधा तलावावरचा उंच तिरंगा पडद्यावर पाहून पाच मिनिटं ऊर भरून येईल, सहाव्या मिनिटाला गाडी बर्फावरून घसरल्यासारखी वागली तर त्या तिरंग्याचा काही उपयोग नाही. आणि खरंच कुणी तेलीबांधा जसाच्या तसा गेममध्ये आणला, उलटा येणारा स्कूटरवाला आणि तीन अर्थांच्या इंडिकेटरसकट, तर आत्ता सांगितलेली चैनच जाईल. तो अनुभव बाहेर फुकट आहे.

बाहेरचा रस्ता आठवला की आई-वडिलांची काळजीही आठवते: असले गेम खेळून मुलं रस्त्यावर तशीच चालवतील. काळजीला आधार नाही असं म्हणता येत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांत अतिवेगाचा वाटा सर्वांत मोठा होता. ‘ट्रॅफिक रेसर’सारख्या लोकप्रिय गेममध्ये ताशी १००च्या वर दुसऱ्या गाडीला घासून पुढे गेलात तर जादा गुण आहेत, उलट्या दिशेने गेलात तर अजून. पण उलट्या दिशेने जाणं तेलीबांध्याच्या पोराला शिकवायला परदेशी गेमची गरज पडत नाही, ते घरचे मोठेच शिकवतात.

खरी घासाघीस आहे ती फुकट गेमशी. दोनशे का द्यायचे, फोनवर असे पन्नास फुकट आहेत. फुकट गेमचा मालक जगतो जाहिरातीवर आणि आतल्या खरेदीवर. म्हणजे तुम्ही जितके कंटाळाल, अडाल, चिडाल तितका त्याचा फायदा. धडकलात की तीस सेकंदांची जाहिरात, दुप्पट नाणी हवीत तर अजून एक, पुढची गाडी हवी तर दोन दिवस खेळा किंवा यूपीआयने पैसे टाका. गाड्यांच्या किमती अशा बेताने ठेवलेल्या असतात की पुढची गाडी नेहमी जराशी लांब राहावी. अशा गेममध्ये नियम पाळणारं जग मिळूच शकत नाही, कारण नियम रोज विक्रीकडे बघून बदलतात. एकदा पैसे घेऊन बाजूला होणाऱ्या बनवणाऱ्याला तुम्हाला छळण्यात काही लाभ नाही. स्वस्त पण विकत घ्यायच्या गेमची ही सगळ्यात मोठी बाजू आहे, आणि ती त्याच्या पानावरच्या यादीत कधीच लिहिलेली नसते.

दुसरी बाजू टिकाऊपणाची. युबिसॉफ्टने २०१४ साली ‘द क्रू’ काढला, अख्ख्या अमेरिकेच्या महामार्गांचा लहानसा नकाशा आत असलेला, पूर्ण किमतीचा गेम. तो चालायला कंपनीचा सर्व्हर सतत लागायचा. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायची सोयही गेली. त्या रागातून गेम मारू नका अशी मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. ‘फोर्झा होरायझन ४’ची विक्री डिसेंबर २०२४मध्ये थांबली, खऱ्या मोटारींची आणि गाण्यांची परवानगीपत्रं संपत आली म्हणून. ज्यांनी तो घेतला होता त्यांना तो खेळता येतो, नव्या माणसाला मिळत नाही. दोनशेच्या गेमला खऱ्या मोटारींची नावं परवडत नाहीत. त्यात फेरारीसारखी दिसणारी, बंपर बदललेली, काहीतरी विचित्र नावाची गाडी असते. लोक तिला हसतात. पण तिचं परवानगीपत्र संपत नाही, आणि इंटरनेट नसताना चालणारा गेम दहा वर्षांनीही चालेल. घेण्याआधी फोन विमान मोडवर टाकून तो उघडतो का, हे कुणाला तरी विचारून घ्यावं.

राहिला परताव्याचा मुद्दा. स्टीम या संगणकाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात जून २०१५पासून गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. त्यामुळे घ्यावा की नाही हा प्रश्न तिथे खरं तर घेऊन बघावा की नाही एवढाच उरतो. पण या सोयीचा एक वाईट उपयोग आहे. छोट्या बनवणाऱ्याचा गेमही छोटा असतो, दोन तासांच्या आत संपतो. एमिका गेम्स नावाने एकट्याने काम करणाऱ्या एका निर्मात्याने २०२१ साली जाहीर केलं की लोक त्याचा ‘समर ऑफ ५८’ पूर्ण खेळून, वर चांगले अभिप्राय देऊन पैसे परत घेतात, म्हणून आपण काम बेमुदत थांबवतोय. दोन तास तपासणीला दिलेले आहेत, पूर्ण खेळून घ्यायला नाहीत. महामार्गाच्या गेमची तपासणी अर्ध्या तासात होते. काटा झाकून वेग बघा, चार वेळा मुद्दाम अगदी जवळून गाडी काढा, एकदा लांबवर जा, हरलात तर कोण चुकलं ते स्वतःला विचारा. तिथे आवडला नाही तर लगेच परत करा. पुढे खेळत राहिलात तर ते दोनशे बनवणाऱ्याकडेच राहू द्या.

फोनवर ही मुदत बऱ्याचदा आणखी कमी असते. त्यात रायपूरच्या मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेलेला असतो; फोन तापला की स्वतःचा वेग उतरवतो आणि सुरुवातीला साठ चित्रं दाखवणारा गेम पंचविसावर येऊन अडखळू लागतो. म्हणून गेम घेतला त्याच दिवशी, कूलरसमोर न बसता आणि चार्जर न लावता, वीसेक मिनिटं सलग चालवून बघावा.